विचारणाऱ्याचे ऋण

दुःखी मनुष्यास त्याच्या दुःखाविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणास आहे? हिमायतनगर तालुक्यातील आपल्या खेड्यांत हा प्रश्न केवळ पंडितांचा राहिलेला नाही. खानेसुमारीचे, दवाखान्याचे, विद्यापीठाचे लोक वही किंवा यंत्र हाती घेऊन दारी येतात आणि वय काय, मुले किती, त्यांपैकी वारली किती, कर्ज किती, नवरा मारतो काय, असे विचारतात. हे बहुधा सद्हेतूनेच होते. तथापि जी विधवा उत्तरे देते तिच्या मनात त्या वेळी काय चालले असते, याचा विचार आपण करावयास हवा. कारण ती पुष्कळदा आपल्याच मंडळीतली असते.

शास्त्रात गणतीविषयी दोन्ही प्रकारचे दाखले आहेत. मोशेने रानात इस्राएलाची गणती केली ती देवाच्या आज्ञेने. दावीदाने केली ती मात्र त्यास दोषास कारण झाली. परंतु या विषयात आम्हास अधिक बोध होतो तो मार्काच्या पाचव्या अध्यायातील रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीच्या वृत्तांतापासून. दुखणे किती वर्षांचे, वैद्य किती केले, पैसा किती गेला, आणि गुण आला की दुखणे वाढले, हे सर्व सुवार्तिकाने लिहून ठेविले. तिचे नाव मात्र लिहिले नाही. एका आयुष्याची चौकशी याहून चांगली क्वचितच झाली असेल. आणि क्रम पाहा: ती आधी बरी झाली, मग तिने आपली सर्व हकीकत सांगितली.

ही स्त्री मराठवाड्यास परकी नाही. ऊस तोडणाऱ्या पुष्कळ बायकांची गर्भाशये काढून टाकिली जातात अशी ओरड झाल्यावरून २०१९ साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमिली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे सुमारे सहा जणींमागे एकीची. कोणी विचारलेच नसते तर हा आकडा उजेडात आला नसता. म्हणून गरिबास मुळी विचारूच नये, हे काही सज्जनांचे मत आम्हास मान्य नाही. मौनाने लाज झाकते, पण त्याबरोबर अन्यायही झाकला जातो.

तरी आकडा म्हणजे आयुष्य नव्हे. लग्न कितव्या वर्षी झाले, पोटात प्रथम कोणत्या हंगामात दुखू लागले, मुकादमाची उचल अंगावर किती होती, खाडा पडला तर किती कापले जात, डॉक्टराने कोणती भीती घातली, हे क्रमाने कळल्यावाचून ती बाई शस्त्रक्रियेच्या मेजापर्यंत कशी पोहोचली हे समजत नाही. यास मार्ग दोन. एक, त्याच माणसांकडे वर्षानुवर्षे पुन्हा जाणे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९३ साली जवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांपासून असे काम आरंभिले, आणि त्यांच्या लेकरांची तारुण्यापर्यंत विचारपूस ठेविली. सन २०१७ पासून देशभर पंचेचाळीस वर्षांवरील सुमारे बहात्तर हजार माणसांची पाहणी झाली, तीही पुन्हा पुन्हा परतण्याच्या संकल्पाने.

दुसरा मार्ग म्हणजे आठवणीचा. आमच्या म्हाताऱ्यांस जन्मसाल ठाऊक नसते. पण पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी मी रांगत होतो, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडावयास गेले तेव्हा थोरला पोटात होता, किल्लारीचा भूकंप झाला त्या साली मालक गेले, असे ते बिनचूक सांगतात. चतुर पाहणीदार या खुणांवरून सगळे आयुष्य जुळवितो. मात्र ज्या खुंटीवर साल टांगलेले असते तिच्यावरच शोकही टांगलेला असतो. तो खाली काढून घ्यावयाचा आणि 'पुढचा प्रश्न' म्हणावयाचे, हे बरे नव्हे. तेथे लेखणी ठेवून थोडा वेळ उगाच बसावे. वेळ वाया गेला असे कोणी म्हणाले तर म्हणू द्यावे.

संमतीचेही असेच आहे. 'नको' म्हटले तर शिधापत्रिकेतून नाव जाईल अशी जिला धास्ती आहे, तिच्या अंगठ्याच्या ठशास संमती म्हणणे धाडसाचे होय. शेजारी सासू किंवा दीर बसलेला असता दिलेल्या उत्तरासही खरे उत्तर म्हणता येत नाही. यातून तुला काही मिळणार नाही, नाही म्हटलेस तरी काही जाणार नाही, हे स्पष्ट सांगणे हे विचारणाऱ्यावरील पहिले ऋण. आणि जे कळले ते घेऊन त्याच गावी परत येणे हे दुसरे. दुसरे फारच थोडे लोक फेडतात. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली जामखेड येथे काम आरंभिले, तेव्हा गावच्याच, बहुतेक निरक्षर, बायांस शिकवून आरोग्याचे काम त्यांच्या हाती दिले. तेथे विचारणारी बाई गावातच राहत असे. तिला परत यावे लागतच नसे.

आता जो सापडतच नाही त्याच्याविषयी. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. वाड्यातांड्यांत म्हातारी माणसे व लहान मुले उरतात. पाहणीदार पौष-माघात येतो, दारास कुलूप पाहतो, तसे लिहितो आणि पुढे जातो. अशा रीतीने ज्याची चौकशी सर्वांत अगत्याची, तोच कागदावरून गळतो. नव्याण्णव मोजून झाली म्हणून स्वस्थ बसणारा मेंढपाळ आपल्या प्रभूच्या दाखल्यातला नव्हे.

मंडळीच्या पुस्तकात बाप्तिस्मा, लग्न व मूठमाती यांच्या नोंदी असतात. मधल्या वर्षांचे ज्ञान पाळकास व वडिलांस असते. ते परक्यास त्या माणसाच्या परवानगीवाचून देऊ नये. परंतु कोणते घर का बंद आहे, आणि टोळी केव्हा परतते, इतके सांगण्यास हरकत नाही. पाहणीदारास सांगावे की पुनरुत्थानाच्या सणानंतर पुन्हा या. तेव्हा ती माणसे घरी असतील, आणि सायंकाळी, भाकरी झाल्यावर, बोलतीलही.