पडलेले स्वप्न आणि सांगितलेले स्वप्न

'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण मराठी समाजात एखाद्या निरीक्षणासारखी वापरली जात असली, तरी तिचे खरे स्वरूप निकालपत्राचे आहे. स्वप्न पाहणाऱ्याच्या मनात ते आधीपासून वसलेले होते, म्हणून जे दिसले त्याचा धनी तोच, असे ती ठरवून टाकते. परंतु ज्या भाषेने ही म्हण घडवली त्याच भाषेचे व्याकरण मात्र उलट साक्ष देते. मराठीत माणूस स्वप्न 'करत' नाही. त्याला स्वप्न 'पडते'. पाऊस पडतो, प्रश्न पडतो, विसर पडतो, तसेच स्वप्नही पडते. येथे माणूस कर्ता नाही. 'मला' या चतुर्थीत तो बाजूला उभा आहे आणि जे घडते ते त्याच्यावर येऊन आदळते. तो कर्ता होतो तो 'स्वप्न पाहणे' किंवा 'स्वप्न रंगवणे' या प्रयोगांत. पण तेथे झोपेचा संबंध बहुधा सुटलेला असतो. म्हण एक सांगते, विभक्ती दुसरे सांगते. स्वप्नातील कृत्याचे उत्तरदायित्व कोणाचे, हा जुना नैतिक प्रश्न मराठीत या दोहोंच्या कात्रीत सापडलेला आहे.

परंपरेने या प्रश्नाला दिलेली उत्तरे एकसुरी नाहीत. बृहदारण्यक उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात याज्ञवल्क्य जनकाला स्वप्नावस्थेविषयी सांगतो, तेव्हा स्वप्नातील पुरुष रथ, घोडे, रस्ते स्वतः निर्माण करतो असे म्हणतो. म्हणजे कर्तृत्व मान्य करतो. परंतु तेथे जे पुण्य वा पाप दिसले ते त्याच्या मागे लागत नाही, कारण पुरुष असंग आहे, असेही तोच सांगतो. त्या वर्णनात स्वप्नातला पुरुष रमतो, भितो, आणि हसतोही. हे हसणे भाष्यपरंपरेच्या चर्चेत फारसे वर आले नाही, याची नोंद येथे करून ठेवावी. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात झोपेत अनिच्छेने व्रतभंग झालेल्या ब्रह्मचाऱ्याला स्नान, सूर्याची अर्चना आणि एका ऋचेचा तीनदा जप एवढेच सांगितले आहे. दोष पुरता नाकारलेला नाही. पण त्याला गुन्ह्याचे वजनही दिलेले नाही. व्यवहारी शहाणपण म्हणून ही तडजोड तत्त्वज्ञांच्या पुष्कळ विवेचनांपेक्षा सरस आहे.

विसाव्या शतकात वर्धा जिल्ह्यात मात्र म्हणीचा अर्थ अत्यंत कठोरपणे घेतला गेला. 1936 साली सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, येऊन राहिलेले गांधी विचारातून व स्वप्नातूनही विकार गेल्याखेरीज ब्रह्मचर्य पूर्ण झाले असे मानीत नसत. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात झालेल्या विनोबांच्या गीताप्रवचनांतील आठवे प्रवचन संस्कारांच्या संचयावरच उभे आहे. या दृष्टीत जागृती आणि निद्रा यांच्यामध्ये भिंत नाही. निद्रा ही जागृतीची परीक्षा ठरते. या भूमिकेची उंची नाकारण्याचे कारण नाही. मात्र तिच्यात हास्यास्पद स्वप्नाला जागा उरत नाही. स्वप्न एकतर शुद्ध असते वा अशुद्ध. ते नुसते विचित्र असू शकते, ही शक्यता परीक्षकाला परवडत नाही.

मराठी वाङ्मयाने जतन केलेली स्वप्नेही बहुतांशी गंभीर आहेत. नामदेवाने पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्व करण्यास सांगितले, ही तुकारामाची साक्ष. तुकारामाने स्वप्नात उपदेश दिला, ही बहिणाबाईची. दुसऱ्या प्रसंगात स्वप्नाचा सामाजिक भार उघड दिसतो. ब्राह्मण स्त्रीने शूद्र गुरू करणे जागेपणी अशक्य होते. ते स्वप्नात झाले, आणि त्याचा जाच मात्र नवऱ्याच्या हातून जागेपणीच सोसावा लागला. हरिश्चंद्राची गोष्ट याहून पुढे जाते. मार्कंडेयपुराणातील आख्यानात राज्यदान स्वप्नात होत नाही. परंतु कीर्तनातून आणि लोकनाट्यातून रुजलेल्या कथेत राजा स्वप्नात राज्य दान करतो आणि सकाळी ते देऊनही टाकतो. लोकमानसाला सत्याची कसोटी जागृतीतल्या शब्दाने पुरी झाली असे वाटले नाही. चतुर्थीतला माणूस येथे आपण होऊन प्रथमेत येतो.

आता याच प्रश्नाकडे राजाऐवजी शेतकऱ्याच्या बाजूने पाहावे. वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आंजी हे गाव. सरकारी कागदावर त्याच्यापुढे कंसात 'मोठी' असे लागते. अशा गावातील एखादा कापूस पिकवणारा सकाळी चहाच्या टपरीवर सांगतो, असे कल्पावे: "मले सपन पडलं, का पाटील कापसाच्या काट्यावर बसले हायेत, अन् ग्रेडर म्हनते, माल ओला हाय." ऐकणारे हसतात. 1972 साली सुरू झालेली आणि आता इतिहासजमा झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. माल ओला ठरणे म्हणजे प्रत उतरणे, भाव कापला जाणे, भरलेली गाडी घेऊन रांगेत काढलेल्या रात्रीचे मोल दुसऱ्याच्या एका शब्दावर ठरणे. स्वप्नाने नवे काहीच आणलेले नाही. काटा रोजचा, ग्रेडर रोजचा, शब्दही रोजचाच. बदलला आहे तो केवळ काट्यावरचा माल.

या स्वप्नाला म्हण लावून पाहिली की ती अपुरी पडते. याच्या मनी काय वसत होते? पाटलाविषयीचा राग, की ग्रेडरविषयीचा? की पाटलाचाही माल कधीतरी ओला निघावा ही निरुपद्रवी इच्छा? फ्रॉइडच्या 1900 सालच्या ग्रंथातील संक्षेपणाची आणि विस्थापनाची परिभाषा येथे सहज लागू करता येईल, आणि मराठी समीक्षेत ती लागूही भरपूर केली गेली आहे. येथे अधिक उपयोगी आहे ते त्याने 1905 साली विनोदावरील पुस्तकात केलेले विधान: स्वप्न ही पूर्णतः असामाजिक मानसिक निर्मिती आहे, तर विनोद ही मनाच्या व्यापारांपैकी सर्वांत सामाजिक. विनोदाला, निदान कोणावर तरी रोखलेल्या विनोदाला, तिघे लागतात: सांगणारा, ज्याच्यावर तो केला जातो तो, आणि ऐकून हसणारा. गमतीचे स्वप्न टपरीवर सांगितले जाते त्या क्षणी ते एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाते. सांगणाऱ्याने श्रोते निवडलेले असतात, पाटील तेथे नाहीत हे पाहिलेले असते, आणि 'ओला' हा शब्द शेवटी ठेवलेला असतो. तरीही या विनोदाचा कर्ता म्हणून तो स्वतःचे नाव घालत नाही. ते पडले, आणि त्याने फक्त सांगितले.

तेव्हा नैतिक प्रश्न झोपेत नसून या सांगण्यात आहे. पडलेल्या स्वप्नाला कर्ता नसेल. सांगितलेल्या स्वप्नाला तो असतोच.

परंतु एवढ्यावर थांबले तर निष्कर्ष सत्ताधाऱ्याच्या सोयीचा होतो. सिराक्यूजचा जुलमी राजा डायोनिशियस याने आपला अधिकारी मार्सियास याला ठार केले, कारण त्याने राजाचा गळा कापल्याचे स्वप्न पाहिले होते. प्लुटार्कने नोंदवलेला राजाचा युक्तिवाद असा, की दिवसा विचार केल्याखेरीज रात्री असे दिसणार नाही. म्हणजे आपलीच म्हण, फक्त तलवार हातात घेऊन. शार्लोट बेराट या पत्रकार स्त्रीने 1933 नंतर बर्लिनमध्ये सामान्य माणसांची स्वप्ने टिपून ठेवली आणि 1966 साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांत घरातली शेगडी कुटुंबात बोललेला प्रत्येक शब्द घडाघडा म्हणून दाखवते; एका कारखानदाराला मंत्र्यापुढे सलामीचा हात वर करायला अर्धा तास लागतो. दोन्ही स्वप्ने हसू आणणारी आहेत, आणि दोन्ही नुसती सांगणे धोक्याचे होते. बेराटने टिपणांत पक्षाला 'कुटुंब' आणि अटकेला 'फ्लू' म्हटले, कागद पुस्तकांच्या बांधणीत दडवले. अशा ठिकाणी 'मला फक्त पडले' ही चतुर्थी पळवाट राहत नाही. दुर्बळाच्या हाती उरलेले ते एकमेव व्याकरण असते, आणि ते हिरावून घेणारी म्हण शहाणपणाची भाषा बोलत असली तरी पहारेकऱ्याचे काम करते.

याच कारणाने टपरीवरचे स्वप्न आणि वाड्यावरचे स्वप्न यांना एक माप लावता येत नाही. हेच स्वप्न पाटलांनी सांगितले, काट्यावर त्यांचा सालदार बसला होता आणि माल ओला निघाला म्हणून, तर रचना तीच राहते, शब्द तेच राहतात, ऐकणारेही कदाचित अधिक मोठ्याने हसतात. फरक एवढाच, की सालदार तेथेच बैलांना कडबा टाकत उभा असतो. पाटलांना त्याच्या गैरहजेरीची वाट पाहावी लागलेली नाही. त्यालाही हसावेच लागते. 'मले सपन पडलं' ही सुरुवात टपरीवर सांगणाऱ्याला झाकते, येथे ती कोणालाच झाकत नाही, कारण झाकून घेण्याची गरज ज्याला आहे तो बोललेलाच नाही. त्याला रात्री काय पडले, हे विचारण्याची पद्धत वाड्यावर नसते.