श्याम व्हायला सगळेच तयार

बसू नका. वह्या मिटा आणि सरळ उभे राहा. काल ग्रंथालयाच्या तासाला जे झालं, ते मी दारातून स्वतः पाहिलंय.

वर्गात नव्यानं आलेल्या त्या मुलीनं कपाटातून ‘श्यामची आई’ काढलं. दोन पानं उलटली असतील-नसतील, तोवर तुझा हात पुढे गेला. “ए टोळीवाली, हात बघ कसले काळे, पुस्तक खराब होईल.” तिनं पुस्तक सोडलं. झग्याला हात पुसले आणि मग उलटेसुलटे करून स्वतःच ते बघत राहिली. चौघं हसले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. माना खाली घालणाऱ्यांनो, आपण त्यात नव्हतो असं समजू नका. माझा राग तुमच्यावर जास्त आहे.

आज ती शाळेत आलेली नाही.

साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हे तुम्ही परीक्षेत बिनचूक लिहिता. 24 डिसेंबरला गुरुजींच्या जयंतीला मोळीचा प्रसंग तूच सांगितलास ना? म्हातारीची लाकडाची मोळी पडते, ती महार म्हणून कुणी हात लावत नाही, आणि आई श्यामला सांगते, जा, उचलून दे. सांगताना तुझा आवाज कापला होता. तो खोटा नव्हता, म्हणून तर काल मला जास्त लागलं.

रात्री तुमच्या वह्या पुन्हा काढल्या. ‘मला श्याम आवडला.’ ‘मी श्यामसारखा होणार.’ पानंच्या पानं. म्हातारीबद्दल एका वहीत ओळ नाही! ओझं पडलंय, अंगात बळ नाही, येणारा-जाणारा वळसा घालून चाललाय, तेव्हा तिनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं? ‘एक होता कार्व्हर’चंही तेच. कार्व्हरसारखं शास्त्रज्ञ व्हायला सगळे तयार. एका घोड्याच्या बदल्यात परत मिळालेलं, आईला कायमचं मुकलेलं ते तान्हं पोर, तिथं थांबायला कुणालाच सवड नाही. गोष्टीत तुम्ही दर वेळी मदत करणारेच होता. मदतीची वाट बघणारा होऊन एकदा तरी वाचलंत का? यात माझीही चूक आहे. ‘कोण आवडलं?’ एवढंच मी विचारत आले.

आता त्या हातांचं ऐका. तिचे आईबाप बीडकडून ऊसतोडीला आलेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत दुखणंसुद्धा अंगावर काढायचं. पहाटे तीनला दोघं फडात जातात. मागे झोपडीत, त्या कोपीत, ही आणि दोन वर्षांचा भाऊ. चूल ती पेटवते, भाकरी ती थापते. पाचटाचा धूर डोळ्यांत जातो आणि काजळी नखांच्या कडेला धरून बसते. गार पाण्यानं ती निघत नाही, मी साबण लावून तिचे हात धुऊन पाहिलेत. मग भावाला शेजारच्या कोपीत सोपवून ती घंटेच्या आधी वर्गात असते. तुमच्यातले किती जण असतात?

आणि मोळी म्हणाल, तर तिच्या आईच्या डोक्यावर रोज आहे. उसाची. ती घेऊन फळीवरून ट्रेलरवर चढायचं, पाय घसरू द्यायचा नाही. तो ऊस तुमच्या रानातला. तोड येईना म्हणून तुमचे वडील कारखान्याच्या चिटबॉयला दिवसातून चार फोन करतात. टोळी आली की घरात हायसं वाटतं. त्या टोळीतली पोर शेजारी बसली की मात्र बाक सरकवता?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं वर्षाच्या मध्यात, हातात दाखला नसला तरी, तिला या वर्गात बसायचा हक्क दिलाय. कायद्यानं उघडलेलं दार तुम्ही आतून लावलंत.

1947 साली साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले, विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून. त्यांनी जीव पणाला लावला. तुम्हाला तर तिच्या हातात एक पुस्तक राहू द्यायचं होतं.

सोमवारी मोळीचा प्रसंग पुन्हा लिहून आणायचा. सांगणारी म्हातारी हवी. श्याम वाटेवर दिसायच्या आधी ती किती वेळ उभी होती, तिथून सुरुवात करा. गाईडात हे सापडणार नाही आणि आईकडून लिहून आणलेलं मला ओळखू येतं.

आणि तू. संध्याकाळी सायकल घेऊन माझ्याबरोबर कोपीवर यायचं. पुस्तक तुझ्या हातानं द्यायचं आणि काल काय बोललास ते तिच्या आईसमोर, जसंच्या तसं सांगायचं. हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत पुस्तक तिच्याकडे राहील. पानांना काजळी लागली तर लागू दे, ग्रंथालयाच्या वहीत सही मी करीन.

आता बसा. वह्या उघडा.