भिजवल्यावाचून दाबू नका
शास्त्रपाठ : यशया 42:1-4, योहान 21:9-17



ओबो हे आपल्या सनईच्या कुळातले पाश्चात्य वाद्य. बोरूसारख्या पोकळ गवताची दोन पातळ पाती एका धातूच्या नळीवर दोऱ्याने बांधून त्याची पत्ती तयार करतात. पत्तीच्या टोकाशी डोळ्याच्या आकाराची फट असते, जेमतेम मिलिमीटरभर. ती फार उघडी राहिली तर श्वास खर्ची पडतो, ओठ थकतात आणि आवाज भसाडा निघतो. फार मिटली तर पत्ती गुदमरते. कितीही फुंका, स्वर उमटत नाही.

वादक ती कशी सुधारतो? प्रथम तो पत्ती थोडा वेळ पाण्यात भिजवतो. मग अंगठा व तर्जनी यांत धरून, फट वाढवायची तर दोन्ही कडांवरून आणि कमी करायची तर दोन्ही सपाट अंगांवरून, हलकेच दाबतो. फुंकून पाहतो, पुन्हा दाबतो. कोरडी पत्ती दाबली तर ती तडकते. मग तिचा उपयोग संपला.

मंडळीतही अशी तोंडे आहेत. कोणी सभेत इतरांना बोलूच देत नाही. कोणी प्रार्थनेलाही तोंड उघडत नाही. शब्बाथ शाळेत एक मूल वर्ग दणाणून सोडते, दुसरे मान वर करीत नाही. दोघांनाही वळण लावणे हे आपले काम आहेच. पण आपण बहुधा कोरडेच दाबतो. आम्हीही दाबले आहे. पाठ न केलेल्या एका मुलाला आम्ही सर्वांदेखत बोललो. बोललो ते खरे होते. परंतु त्याच्या घरी आम्ही एकदाही गेलो नव्हतो, त्याचे नाव घेऊन कधी प्रार्थना केली नव्हती. पुढच्या रविवारी त्याची जागा रिकामी होती. ती रिकामीच राहिली.

यशयाने ज्या सेवकाविषयी सांगितले, तो चेपलेला बोरूसुद्धा मोडीत नाही. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले होते. प्रभूने त्याला तीनदा विचारले, आणि तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी झाला. दाब टळला नाही. पण त्याआधी प्रभूने विस्तव पेटवून ठेवला होता, भाकर व मासळी स्वतः वाढली होती. न्याहारी आधी, प्रश्न मागाहून. म्हणूनच पेत्र तडकला नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी तोच उभा राहून बोलला.

ह्या आठवड्यात कोणाची चूक दाखवण्यापूर्वी त्याच्या घरची पायरी चढू या. आम्हांलाही त्या मुलाच्या घरी जायचे आहे, आणि आधी क्षमा मागायची आहे.

हे प्रभो, आमच्या कठोर बोटांना तुझा हळुवारपणा शिकव. आमेन.