बोटावरचा थेंब आणि वहीतला आकडा

मनुष्य दुसऱ्यापाशी खोटे बोलला तर त्याला दोष लागतो, याविषयी शास्त्रात वा व्यवहारात वाद नाही. परंतु जेथे दुसऱ्या कोणाचे काही जात नाही, बिघडलेच तर बोलणाराचेच बिघडते, त्या ठिकाणचे असत्य दोषास पात्र आहे की नाही? हा प्रश्न मी पुष्कळ वेळा विद्यार्थ्यांना घातला असेल. त्याचे उत्तर मला पाठशाळेत मिळाले नाही. ते घरातल्या एका साध्या वहीत मिळाले. कसे, ते सांगतो.

मला मधुमेह होऊन बारा वर्षे झाली. दिवसा गोळ्या, आणि गेली चार वर्षे रात्री इन्सुलिन. डॉक्टरांनी साखर तपासण्याचे यंत्र घरी घ्यायला लावले. नेमल्या दिवशी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी तपासून आकडा वहीत मांडा म्हणाले. काम मोठे नाही. बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीला लावायचा, काही सेकंदांत आकडा समोर. टोचण्याचे काम माझे, वही लिहिण्याचे काम आमच्या कुटुंबाचे.

फाल्गुनातली गोष्ट. आदल्या रात्री शेजारच्या गावी कीर्तन झाले. मागाहून यजमानांचा आग्रह सुरू झाला, "महाराज, एवढा शिरा तरी घ्या, प्रसाद आहे." प्रसादाला नाही म्हणवत नाही, हे खरे. पण पहिल्या वाटीला प्रसाद म्हणता येईल. दुसरी वाटी मी मागून घेतली, तिला काय म्हणावे? सकाळी यंत्रात आकडा आला २३८. आतून विचारणा झाली, "अहो, किती आले?" मी म्हणालो, "एकशे अडतीस." तिने १३८ लिहिले. एका अंकाचा काय तो फरक!

त्या दिवशी होळी होती. १३८ ऐकून बिचारीला बरे वाटले. एरवी माझ्या पानात अर्धी पुरणपोळी पडायची, त्या दिवशी दोन पडल्या, वर तुपाची धार. "साखर बरी आहे, आज सणाचे पोटभर जेवा," म्हणाली. मी मुकाट्याने जेवलो.

पुढे ती सवयच झाली. जेवून लांब फेरी मारून आलो की तपासायचे. लग्नकार्याचे जेवण झाले की तपासायचे नाही. बरा आकडा वहीत जायचा, वाईट आला की "आज पट्टी बिघडली." तीन महिन्यांनी डॉक्टरांनी मागल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी रक्ताची तपासणी करवली. ती निघाली ९.४ टक्के, म्हणजे साखर सरासरीने सव्वादोनशेच्या घरात. वहीत तर सारे १४०च्या आसपास. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि हसून म्हणाले, "महाराज, वहीतले गृहस्थ ठणठणीत आहेत. पण मला औषध तुम्हाला द्यायचे आहे."

चाळीस वर्षे मी व्यासपीठावरून सत्यावर बोलत आलो आहे. त्या खुर्चीत मला एक वाक्य सुचले नाही.

घरी येऊन सगळे सांगितले. वाटले, रागावेल. ती रागावली नाही. थोडा वेळ गप्प बसून एवढेच म्हणाली, "म्हणजे त्या पोळ्या मी वाढल्या."

वाचक हो, माझ्या प्रश्नाचे उत्तर या एका वाक्यात आले. मी समजत होतो की देह माझा, साखर माझी, तेव्हा खोटेही माझ्यापुरते. तसे ते राहिले नाही. प्रेमाने वाढणाऱ्या हाताला मी न कळत अपाय करायला लावला. माझ्या वहीवर विश्वासून औषध ठरवणाऱ्या वैद्याला आंधळे केले. उद्या पाय सडला, डोळे गेले, तर ते ओझे त्यांच्याच खांद्यावर पडायचे. आपल्या देहाविषयीचे असत्य आपल्या देहात मावत नाही. देह एकट्याचा दिसतो, पण त्याला धरून चार माणसे उभी असतात.

आता दुसरा विचार. मी खोटे का बोललो? लोभाने म्हणावे, तर शिरा रात्रीच पोटात गेला होता. सकाळच्या खोट्याने अधिक काही मिळणार नव्हते. मी खोटे बोललो तो भयाने. यंत्रातला आकडा मला न्यायाधीशाच्या निकालासारखा वाटला. २३८ म्हणजे "तू असंयमी आहेस, ढोंगी आहेस," असेच जणू त्यावर लिहिले होते. परंतु यंत्र तसे काही म्हणत नाही. ते साक्षीदार आहे. आमच्या वेदान्तात साक्षी म्हणजे जो पाहतो आणि पाहिलेल्याला चिकटत नाही. यंत्राने शिरा पाहिला नाही, आग्रह पाहिला नाही, माझी पगडीही पाहिली नाही. या घटकेला रक्तात साखर किती, एवढेच त्याने सांगितले. त्यावर "पापी" हा शब्द मी लिहिला, आणि मग तोच खोडण्यासाठी आकडाही खोडला.

येथे कोणी म्हणेल, "महाराज, देहाचे एवढे मोजमाप कशाला? देवावर भार टाकावा." माझ्या एका स्नेह्यांनी हाच पूर्वपक्ष केला. मी म्हटले, वारीला निघालेला मनुष्य देवावर भार टाकूनच निघतो, पण आषाढाचे आभाळ पाहून इरले बरोबर घेतोच ना? डोळे मिटून घेण्याला श्रद्धा म्हणत नाहीत.

दुसरा पूर्वपक्ष अधिक प्रचारात आहे. "मला काही होत नाही, अंग हलके वाटते, तपासायचे कशाला?" नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतात. जो हेतू साध्याला सोडूनही राहतो, त्यावरून अनुमान करता येत नाही. साखर १२० असताना अंग हलके वाटते आणि २५० असतानाही वाटू शकते. मग हलकेपणावरून काय सिद्ध झाले? शिवाय मोजायची वस्तू किती थोडी! मोठ्या माणसाच्या अंगात रक्त सुमारे ५ लिटर. साखर १०० मिलिग्रॅम असेल तर त्या सर्व रक्तात मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. चमच्याचे दोन चमचे झाले तर ते मनाला कसे कळावे? आणि एकादशीचे म्हणाल तर, "एकादशी दुप्पट खाशी" हे उगाच म्हटलेले नाही. उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी खावी आणि दोन तासांनी पाहावे, साखर चढलेली. उलट इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असता निर्जळी करावी, तर ती धोकादायक खाली जाते. म्हणून उपवासापूर्वी औषधाचे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

आपल्या पूर्वजांना हा रोग ठाऊक होता. चरकाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आणि मूत्राकडे मुंग्या धावतात हे लक्षण नोंदले. प्रमेह आणि प्रमाण हे शब्द कानाला भाऊ वाटतात. धातू निराळे, एकाचा मिह्, दुसऱ्याचा मा. तरी प्रमेहाला प्रमाणाची गरज फार, हे खरे. मुंग्यांवरून रोग ओळखणे हे शेषवत् अनुमान. नदीचा पूर पाहून वर पाऊस झाला असे जाणावे, तसे. माझ्या लहानपणी चुलते काचेच्या नळीत बेनेडिक्टचे निळे औषध घेऊन त्यात लघवीचे थेंब घालीत आणि दिव्यावर उकळीत. निळे राहिले तर ठीक. हिरवे, पिवळे, विटकरी होत गेले तर साखर जास्त. तेही अनुमानच. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेल्यावाचून ती लघवीत उतरत नाही, आणि उतरते ती मागल्या काही तासांची हकिकत. साखर फार खाली गेली तर त्या नळीला कळत नसे.

बोटाच्या थेंबाने हे प्रमाण प्रत्यक्षाच्या जवळ आले. पण ते सहज आले नाही. १९६९ साली अमेरिकेत रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या एका अभियंत्याला, जो बाळपणापासून मधुमेही होता, असे यंत्र हवे होते. त्या काळी ते वैद्यांना आणि इस्पितळांनाच विकत, रुग्णाला नाही. त्याची पत्नी डॉक्टर होती, तिच्या नावावर त्याने ते मिळवले, दिवसातून अनेकदा स्वतःचे रक्त तपासून आहार आणि औषध बसवले, आणि पुढे पंचेचाळिशीच्या सुमारास वैद्यकाचा अभ्यास करून स्वतः डॉक्टर झाला. १९९३ साली अमेरिका व कॅनडातील १४४१ रुग्णांवरील मोठ्या अभ्यासाचा निकाल प्रसिद्ध झाला. हे रुग्ण इन्सुलिनवाचून जगू न शकणारे, म्हणजे पहिल्या प्रकारचे मधुमेही. ज्यांनी दिवसाला चार वेळा तरी तपासून त्याप्रमाणे इन्सुलिन घेतले, त्यांच्यात डोळ्यांच्या पडद्याचा विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. पाहायला मिळावे म्हणून एकाने पत्नीच्या नावावर यंत्र घेतले. आणि मी, यंत्र हातात असून, पत्नीला खोटा आकडा सांगितला!

आता याची दुसरी बाजू. आमच्या आळीत एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांना आकड्याचे वेड लागले. दिवसातून दहा-दहा वेळा तपासायचे, १५० दिसले की रात्रीचे जेवण बंद, औषध मात्र चालू. एका पहाटे घामाने ओथंबून थरथरत उठले, साखर ५२. घरच्यांनी साखरपाणी दिले म्हणून निभावले. ७०च्या खाली गेले की तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे; शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता तडक इस्पितळ गाठावे. मास्तरही आकड्याला न्यायाधीशच मानीत होते. मी शिक्षा चुकवीत होतो, ते स्वतःला शिक्षा देत होते. साक्षीदाराचे ऐकणारा आमच्यात कोणी नव्हता.

साक्षीदाराची योग्यताही पारखून घ्यावी. एकदा नातवाला आंबा कापून दिला आणि तसाच बोट टोचायला बसलो; आकडा ३१०! हात धुऊन, कोरडे करून पाहिले तर १४६. साक्षीदार खोटा नव्हता, त्याने आंब्याची साक्ष दिली. चांगल्या यंत्रातही १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालते, म्हणून १४० की १४८ याचा शोक करू नये. पट्ट्यांची डबी घट्ट लावावी, मुदत पाहावी, बोटाच्या कडेला टोचावे. आणि घरातल्या पाच जणांनी हौसेने एकाच सुईने टोचून घेऊ नये. रक्तातून काविळीसारखे रोग जातात. पट्ट्या महाग आहेत. नुसत्या गोळ्यांवर असलेल्या सगळ्यांना रोज टोचण्याची गरज असतेच असे नाही. किती वेळा, ते आपल्या डॉक्टरांनी ठरवावे. पण जेवढे वेळा पाहाल तेवढे खरे लिहा. वाईट दिवस टाळून पाहणे म्हणजे गाईच्या गोठ्यात वाघ शिरला असता घराच्या पुढल्या दारी कंदील लावणे होय.

घरच्या मंडळींनाही एक विनंती आहे. "किती आले?" हे आपण कसे विचारता, यावर पुष्कळ अवलंबून आहे. वाजले किती, असे विचाराल तर खरे उत्तर मिळेल. पोलिसासारखे विचाराल तर साठीतला माणूसही पोरासारखा खोटे बोलेल. आमच्या घरी आता आकडा वाईट आला की ती वहीत आकड्यापुढे "शिरा, दोन वाट्या" असेही लिहिते, आणि मी "दोन नव्हे, अडीच" अशी दुरुस्ती सांगतो. त्यावर दोघेही हसतो.

गेल्या खेपेस ती सरासरी ७.६ आली. अजून खाली यायला हवी, डॉक्टर म्हणाले. वही त्यांनी उघडली, मधल्या पानावर २४४ होते, २१२ होते. त्यांनी रात्रीच्या इन्सुलिनचे प्रमाण थोडे बदलले आणि म्हणाले, "आता काम करता येते."

होळीचे ते १३८ मी खोडलेले नाही. त्याच्या बाजूला खरा आकडा माझ्या हाताने लिहून ठेवला आहे. इत्यलम्.