अपुऱ्या कामाचा धर्म

विघ्ने येताच आरंभिलेले कार्य सोडणारा तो मध्यम आणि ते शेवटास नेणारा तो उत्तम, ही भर्तृहरीच्या नीतिशतकातील प्रतवारी वामन पंडितांच्या मराठीतून आपल्यापैकी अनेकांच्या कानांवर पडलेली आहे. ती खोटी म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी ती उलटी झालेली दिसते.

अपघातात यकृत फाटले, आतड्यास भोके पडली, की बाहेर थेंबही न दिसता माणूस आतल्या आत रिता होऊ लागतो. अशा वेळी पोट उघडून सारे नीट जोडावे, शिवावे, मगच हात धुवावे, अशी कुशल शल्यवैद्याची दीर्घकाळ प्रतिज्ञा असे. पण रक्त गेले की शरीर थंड पडते. थंड शरीरात रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. प्राणवायूवाचून रक्तात आम्लता वाढते, तीही गोठण्यास मारक. आणि गोठत नाही म्हणून रक्त आणखी वाहते. उघड्या पोटावाटे उष्णता जातच असते. शल्यवैद्य जितका वेळ कौशल्य दाखवील, तितका रोगी त्याच्या हातांखालून निसटत जाईल. टाके सारे सुरेख, आणि माणूस गेलेला!

अमेरिकेतील हार्लन स्टोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली अशा ३१ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. रक्त गोठेनासे झाल्यावरही शस्त्रक्रिया पुरी करण्याच्या जुन्या रीतीने १४ पैकी १ वाचला. पोटात कापडी पॅड दाबून भरून काम तेथेच थांबविले, तेव्हा १७ पैकी ११ वाचले. पुढे १९९३ साली फिलाडेल्फियाच्या शल्यवैद्यांनी या रीतीला आरमारी नाव दिले, ‘डॅमेज कंट्रोल’. फुटके जहाज भर समुद्रात दुरुस्त करीत बसत नाहीत. भोके बुजवून बंदर गाठतात. तद्वत रक्त थांबवावयाचे, आतड्याची टोके न जोडता नुसती बांधावयाची, पोट तात्पुरते झाकून रोग्यास अतिदक्षता विभागात ऊब व रक्त द्यावयाचे. उरलेले काम साधारणतः २४ ते ४८ तासांनी.

मग हा शल्यवैद्य मध्यम की उत्तम? भर्तृहरीचा कैवारी म्हणेल, कार्य म्हणजे आतडे जोडणे नव्हे, माणूस जगविणे. ते त्याने सोडलेच कोठे? उत्तर बिनतोड आहे, पण फार सोपे आहे. कारण हीच भाषा भित्र्याला व आळशालाही बोलता येते. शिवाय अपुरे ठेवण्याची किंमत रोगीच देतो. पुन्हा भूल, पुन्हा शस्त्रक्रिया, जंतुसंसर्गाचे भय, पुढे पोटाच्या भिंतीचा हर्निया. ज्याचे शरीर पुरी शस्त्रक्रिया एकाच वेळी सोसू शकले असते, त्याचे पोट उघडे ठेवणे हा अन्यायच होय. म्हणून थांबण्याचा निर्णय रोग्याच्या तापमानावरून व रक्ताच्या आम्लतेवरून घ्यावयाचा असतो, शल्यवैद्याच्या थकव्यावरून नव्हे.

आम्हां बदलीच्या नोकरीतील लोकांना अपुरे काम सोडणे नवे नाही. हुकूम येतो आणि टेबलावरचे प्रकरण तसेच राहते. सोडून जाणे व सोपवून जाणे यांतील भेद मात्र नंतर येणाऱ्यालाच कळतो. शस्त्रक्रियागृहात पोटात किती पॅड ठेवले त्याची मोजून नोंद करतात. दुसऱ्या दिवशी ते काढणारे हात दुसऱ्या कुणाचे असू शकतात.