गर्भवतीची झोप

गर्भवतीस मूल हरवल्याचे किंवा दगावल्याचे स्वप्न पडले, म्हणजे घरची वडील माणसे तो अपशकुन मानितात व तिच्या उशाखाली विळा ठेवितात. हे भय व्यर्थ आहे. पोटाच्या भाराने व लघवीस उठावे लागल्याने तिची झोप वारंवार मोडते. अशा झोपेतील स्वप्ने अधिक आठवतात, व मनातील काळजीच त्यांत रूप घेते. ते भविष्य नव्हे.

ईजबेलीच्या धमकीने भयभीत झालेला एलीया रतामाच्या झाडाखाली निजला, तेव्हा देवाने त्यास दोष दिला नाही. दूताच्या हातून भाकर व पाणी दिले, आणि पुन्हा निजू दिले (१ राजे १९). आपणही तसेच करावे. तिचे स्वप्न शांतपणे ऐकून घ्यावे, हसू नये. रात्रीचे जेवण हलके व लवकर द्यावे. दुपारनंतर चहा टाळावा. शेवटच्या ३ महिन्यांत तिने कुशीवर निजावे व गुडघ्यांमध्ये घडी केलेले लुगडे ठेवावे. भय किंवा उदासी २ आठवडे टिकली, तर तीस दवाखान्यात न्यावे. यात अविश्वास नाही.

सासूबाईंनो, उशाखालचा विळा काढा, आणि सुनेच्या उशाशी बसून प्रार्थना करा.