लहान लाटांचा हिशेब



किनारा कोण खातो, असे विचारले तर आपण चटकन म्हणतो, वादळ. समुद्रकाठच्या खाजणांची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे लाटा मुळांच्या जाळ्याखालची मऊ माती हळूहळू पोखरतात. वर गवत हिरवेच दिसते आणि एके दिवशी आधार संपून कडेचा तुकडा पाण्यात कोसळतो. अमेरिका, इटली व ऑस्ट्रेलियातील आठ ठिकाणच्या खाजणांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. दीर्घकालीन धुपेत प्रचंड वादळांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आढळला. बहुतेक झीज वारंवार येणाऱ्या मध्यम लाटांनी केली होती. व्हेनिसच्या उथळ खाऱ्या पाण्यात तर वाऱ्याच्या लाटांना मोटारबोटींच्या लाटांचीही जोड मिळते. तेथील प्रत्येक नावाडी म्हणू शकेल, ‘माझ्या एका बोटीने काय बिघडले?’

मग दोष कोणाचा? क्षुल्लक वाटणाऱ्या पापांपासून सावध करताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दृष्टान्त दिला आहे. काही लोक एका दरीत उतरले. प्रत्येकाने एकेक काटकी आणली आणि भाकरी भाजण्याइतका जाळ झाला. एकट्या काटकीने जाळ झाला नसता, तरी त्या जाळात आपली काटकी नाही असे कोणालाच म्हणता येत नाही. वाटेकरी वाढल्याने जबाबदारी शून्य होत नाही. कणभर कृत्याचाही हिशेब होईल, ही कुरआनची शिकवण आहे.

हे लिहिताना मी स्वतःला वगळू शकत नाही. आमच्या मशिदीच्या दुरुस्तीचा राडारोडा खाडीच्या कडेला टाकला गेला, तेव्हा अल्लाहच्या घराचे काम म्हणून मी गप्प राहिलो. त्याखाली गवत व खारफुटीची रोपे मेली. पुढे इतरांनीही तेथेच ढीग ओतले. इमामांनी अडवले नाही, एवढा आधार त्यांना पुरला.

तौबा म्हणजे केवळ जिभेवरचा इस्तिगफार नव्हे. इतरांचा हक्क बुडवला असेल तर तो परत करणे हा तिचाच भाग होय. आम्ही तो ढीग उचलला. पण मेलेली रोपे काही परत आली नाहीत.

तरीही निराश होऊ नका. खाजण घडते तेही थोडे थोडे करूनच. गवताच्या काड्या भरतीचे पाणी संथ करतात आणि गाळ कणाकणाने तळाशी बसतो. अल्प असले तरी सातत्याने केलेले सत्कर्म अल्लाहला अधिक प्रिय आहे. आपल्या हातून आज कोणती लाट उठते आहे, हे प्रत्येकाने पाहावे. अल्लाह आपणा सर्वांना सद्बुद्धी देवो. आमीन.